बिचारा

गांधीसागराच्या पायऱ्यांवर
भुजंग पराते बसायचा, गंजीफ्रॉक, ओली लुंगी,
आणि मोजायचा काहीच नाही.
मोजायचो आम्ही: एकेचाळीस जिवंत.
मेलेले वेगळे.

ठाण्यातून फोन आला की अर्धा चहा टाकून उठायचा.
दोर पुढे केला तर म्हणायचा,
"ठेव बे तिकडं. दोर बुडणाऱ्याले लागते."

त्याचा बाप सहा वर्षं खाटेवर होता, टिमकीत,
बोळाच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.
चमच्याने पाणी पाजताना बाया म्हणायच्या, बिचारा.
म्हातारा तोंड फिरवायचा, पाणी उशीवर.
आणि पोरगा भुजंग
भिंतीआड दंड काढायचा. शंभर. दोनशे.
पाण्याला तो कधी भ्याला नाही.
त्या तीन अक्षरांना भ्याला.

एका उन्हाळ्यात उजवा खांदा गेला.
मला कळलं, कारण पोह्यांवर तर्री तो
डाव्या हाताने ओतू लागला
आणि गंजीफ्रॉक घालायचं सोडलं.
"मेडिकलमध्ये दाखवून येऊ," एवढंच म्हटलं मी.
आठवडाभर बोलला नाही.

मग नवतपा. संध्याकाळी सातलाही पायऱ्या पोळत होत्या.
बगिच्याच्या कठड्यावरून एक पोरगं पडलं.
दोर माझ्या हातात होता.
भुजंगने माझ्याकडे पाहिलं, मग दोराकडे,
मग जमलेल्या माणसांकडे,
आणि उडी मारली.

पोरगं त्याच्यापेक्षा बरं पोहत होतं.
हे कुणी सांगत नाही.
घाबरलेलं, पण हात मारत होतं काठाकडे,
आणि भुजंग एका हाताने
जागच्या जागी गोल फिरत होता.
पोराने वळून हात दिला.
"पकडा, काका."
काठावर कुणी हसलं असेल, नसेल.
भुजंगने तो हात पाहिला
तोंडापुढे आलेल्या चमच्यासारखा
आणि तोंड फिरवलं.

मी दोर फेकला. त्याच्या मानेजवळ पडला.
काथ्याचा होता, बराच वेळ तरंगत राहिला.

पोरगं आपल्या पायांनी वर आलं.
ते बेचाळिसावं धरायचं की नाही,
यावर चहाच्या टपरीत अजून वाद होतो.

रात्री अकराला गळाला लागला.
दोर मीच ओढला.
पायरीवर निजवला तेव्हा कानांतून पाणी गळत होतं.
गर्दीतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला.
आता ती काय म्हणणार ते मला ठाऊक होतं,
म्हणून मी माझे दोन्ही तळवे
त्याच्या कानांवर ठेवले.