नऊ किलोमीटरांपुरतं

अस्नोड्यात, सोसायटीच्या खताच्या गोदामावर
आमचं स्टेशन.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, इनासच्या बेकरीतून मागून आणलेले,
दाराच्या फटीत जुनी चादर,
तरी युरियाचा वास आत येतोच
आणि पाल चुकचुकली तर तीही हवेत जाते.
माईक सुरू असेतो पंखा बंद.
गाणं लावायचं म्हणजे आधी घाम गाळायचा.

दिवसा मी पाण्याच्या प्रकल्पावर क्लोरीन मोजते.
माझ्या हाताखालचं पाणी म्हापशापर्यंत जातं, त्याच्याही पुढे,
नळ सोडताना कुणी विचारत नाही
आज ड्यूटीवर कोण होतं.
गुरुवारी रात्री साडेआठला मात्र
माझा आवाज जेमतेम नऊ किलोमीटर चालतो,
पीर्णच्या चढावर धाप लागून बसतो,
आणि तेवढ्यात चार फोन येतात:
घसा बसलाय काय गो तुझा? मिरी चघळ.

पगार कुणालाच नाही.
बिस्किटांच्या डब्यात चहाचे पैसे, ज्याने त्याने टाकायचे.
कॅलेंडरवर पेन्सिलीने नावं.
सोमवारी उल्हास च्यारी घुमट घेऊनच जिना चढतो,
बकऱ्याचं कातडं हल्लीचं, नीट बोलत नाही
म्हणून पहिली पाच मिनिटं कुरकुरतो,
लोकांना ती कुरकुरही पाठ झालीय.
शनिवारी म्हातारा मिंगेल.
जन्मभर ट्रंपेट फुंकला, आता पुढचे दात नाहीत,
रेकॉर्ड लावतो आणि कडव्यांच्या मधल्या जागी
नकळत श्वास घेतो. ऐकू येतो तो.
बुधवारी रेश्मा यायची. कुडाळला दिली तिला.
वार तसाच कोरा ठेवलाय,
त्या दिवशी नुसती खरखर.

दोडामार्गची शेवटची बस नेणारा तातू सांगतो,
तिसऱ्या वळणानंतर तुम्ही लोक मरता.
म्हणून गाणं संपायला आलं असलं
तर वळणाअलीकडे तो टायर बघायला उतरतो.
टायरला काही झालेलं नसतं.
पॅसेंजरही काही बोलत नाहीत.

आणि शिरसईची रोझालिन.
दोन वर्षं, दर गुरुवारी, तेच एक गाणं,
‘कायतानसाठी.’
कायतान जहाजावर खानसामा,
कुठल्या समुद्रात ते तिलाही नक्की ठाऊक नसायचं.
एकदा न राहवून म्हटलं, बाई,
आमचं हे पीर्णच्या पलीकडे जात नाही.
ती म्हणाली, तें म्हाका खबर आसा.
शेजारणी ऐकतात ना.
मग सकाळी पाव घेताना विचारतात, आला का गे फोन त्याचा?
नाहीतर माणसाचं नाव गावात कोण काढतं?

पुढे दर गुरुवारी त्याचं नाव
मी जरा सावकाश घेऊ लागले.

गेल्या महिन्यात दार ढकलून एक उंच माणूस आत आला,
अंड्यांच्या ट्रेंना बोट लावून बघितलं,
म्हणाला, मी कायतान.
बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, केस कापताना,
ज्याला त्याला माझं आवडतं गाणं माहीत आहे.
बाई, ते गाणं मला कधीच आवडलं नाही.
आवडतं तिला.

मी हसले, मग तोही.
मग दोघंही थोडे गप्प झालो.
खाली गोदामात कुणीतरी पोती मोजत होतं.
त्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढला,
बंदराबंदरांत गोळा केलेली गाणी, भाषा कळत नाहीत म्हणाला,
आणि पेन्सिल मागून
बुधवारच्या रकान्यात लिहिलं:
कायतान, डिसेंबरपर्यंत.

पहिल्याच बुधवारी तो पंखा बंद करायला विसरला.
अर्धा तास घरघर, घरघरीच्या आत एक बाई
कुठल्याशा भाषेत काहीतरी परत मागत होती.
तक्रार कुणाचीच नाही.
फोन एकच आला.
गुरुवार नसूनही रोझालिनचा:
त्याला म्हण, पंखो बंद कर.