पिवळं

रात्रीचे दोन. सिमेंटच्या विटांच्या चरावर
अख्खं डुक्कर पालथं, वर पुठ्ठ्याचं झाकण.
डॅडी फावड्याने निखारे सारतात,
मांड्यांखाली जास्त, पोटाखाली चिमूटभर,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसे.

आमच्याकडे, समुद्राच्या अंगाला,
व्हिनेगर आणि लाल मिरची. बस.
शंभर मैल पश्चिमेला त्यात टोमॅटो पडतो
आणि डॅडींच्या लेखी तिथून परदेश सुरू होतो.
टेरेल टेक्सासला गेला, गाईच्या छातीचं मांस भाजतो.
फोनवर म्हणाला, चांगल्या मांसाला सॉस लागतच नाही.
डॅडींनी फोन माझ्याकडे दिला
आणि हात धुतले.

आई दक्षिणेची, ऑरेंजबर्गकडची.
लग्नानंतर बसने आली ती
मांडीवर मोहरीच्या सॉसची बरणी घेऊन,
शाळेच्या बसइतकी पिवळी.
एकेचाळीस वर्षं बरणी पिठाच्या डब्यामागे राहिली.
आई स्वतःच्या ताटात घ्यायची, त्यांच्याकडे न बघता.
ते म्हणायचे, देवाशप्पथ,
हे माझ्या जिभेला कधी लागलेलं नाही.

मार्चमध्ये आई गेली.
एप्रिलमध्ये बरणी संपली.
कशी संपली, मी विचारलं नाही.
मी तर घेत नव्हते.

आज निखाऱ्यांच्या कडेला मी पातेलं ठेवलंय.
मोहरी, व्हिनेगर, साखर, सगळं अंदाजपंचे.
आईने काही लिहून ठेवलं नाही;
तिची मापं दोनच, 'जरा' आणि 'पुरे'.

डॅडी फावडं टेकवून येतात. बोट बुडवतात.
"साखर नाही. काकवी.
मिरी भरडलेली हवी, पूड नको.
आणि कांदा किसून, पिळून, त्याचं नुसतं पाणी.
ते उतरवल्यावर घालायची ती. आधी नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहते.
चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र होतो.
"वाचलं असेल कुठंतरी," ते म्हणतात,
ज्यांनी औषधाच्या बाटलीवरचंही कधी वाचलं नाही.

पाचला डुक्कर उलटायचं,
दोन जाळ्यांमध्ये धरून, दोघांनी.
त्या टोकाला आई उभी राहायची.
तिचे हातमोजे मला सैल होतात.
"जरा थांब," डॅडी म्हणतात.
धूर डोळ्यांत जातो, त्यांच्याही.
"आता."