सरकी

अमळनेरच्या दवाखान्यात
केसपेपर लिहायचं काम माझं.
नाव, वय, गाव, तक्रार.

सुपडाबाई झिपरू पाटील, बासष्ट, टाकरखेडा.
काय होतंय?
"मना जीव सरकी व्हई गया, भाऊ."

दुखतं कुठे?
"दुखस नही."
हुरहूर? कासावीस? धडधडतं?
हसली.
शाळेत शिकलेले शब्द माझे,
तिला ढिले होत होते.

मागे रांग, बोरीच्या पुलापर्यंत वाटावी अशी.
मी लिहिलं: अशक्तपणा.
लाल गोळ्या तिने पदराला बांधल्या
आणि मलाच म्हणाली, जेवण कर.

पौषात धाकटीला सुरतेच्या गाडीत बसवलं.
परतताना जिनिंगच्या फाटकाशी
सरकीचा ढीग, माणसापेक्षा उंच.
एक दाणा उचलला.
कापूस केव्हाच गठाणीत, ट्रकवर,
कुठल्या कुठे.
दाण्याला बारीक लव राहिलेली,
नखाने खरवडली
तरी निघेना.

आत तेल असतं म्हणतात.
पेंड होते, म्हशी खातात.
हे सगळं खरं आहे
आणि त्याने काही होत नाही.

दाणा शर्टाच्या खिशात आहे अजून,
धुण्यातून दोनदा आलेला.
सुपडाबाई पुन्हा आली नाही.
तक्रारीचा रकाना
अजून बोटभरच आहे.