पाटीखालचा हिरवा

चार स्क्रू गंजलेले. चौथा तुटलाच.
पाटी सैल झाली आणि खाली निघाला
काडेपेटीएवढा हिरवा,
चाळीस वर्षं ऊन न पाहिलेला.
घड्याळ उतरवल्यावर मनगट दिसतं, तसा.

बाकी अंगावर हिरवे होते पाच.
बॉनेटवरचा, ऊन पिऊन पिवळट.
मडगार्डवरचा, कुणीतरी ब्रशने फासलेला, ओघळांसकट.
टाकीच्या तोंडाशी पेट्रोलने खाल्लेला.
सीटखालचा, ग्रीसमध्ये मुरलेला.
आणि पाचवा खासगीवाले साहेबांच्या बोलण्यातला:
"अगदी कोवळा मटार होता हो, मटार."

साहेबांनी तो नंदेसरीहून आणला,
बंद पडलेल्या कंपनीच्या कॉलनीतून,
भंगाराच्या भावाने, वजनकाट्यावर चढवून.
ऑफिसरांच्या बंगल्यांपुढचं गवत कापायचा.
गुडघ्याएवढी चाकं,
ट्रॅक्टर म्हणायचं ते कौतुकानं.
रंगाचे नंबर लिहिलेली वही
कंपनीबरोबर गेली कुठंतरी.

मी मकरपुऱ्यात गाड्या रंगवतो.
रंग ओळखणारं यंत्र समोरच्या शेडमध्ये आहे,
माझ्याकडे स्टीलची वाटी, बांबूची काडी आणि डोळा.
पिवळा सढळ, निळा बेताचा, पांढरा बोटभर,
काळा मात्र थेंबाने.
एक थेंब काळा म्हणजे रंगाला वय येतं,
दुसरा पडला की
वाटी धुऊन पुन्हा पहिल्यापासून.
ओला रंग थापा मारतो.
वाळताना थोडं थोडं कबूल करतो.
ट्यूबलाइटखाली सख्खा वाटलेला
दारात नेला की सावत्र.
म्हणून निकाल मी दुपारी चारला देतो,
शेडबाहेर, कडुलिंबाच्या सावलीत, चहाच्या आधी.

सहा पत्रे वाया गेले.
सातवा पाटीखालच्या चौकोनावर धरला
तर कड सापडेना.
इलियास म्हणाला, "उस्ताद, गायब."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं.
पण साहेब रावजीभाईला घेऊन आले,
याच सीटवर सव्वीस वर्षं बसलेल्या माळ्याला.
त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालेलं,
डाव्यातला मोतीबिंदू अजून तसाच.
त्याने डावा झाकून पत्रा पाहिला.
"आ नथी. बहु भूरो छे."
मग उजवा झाकला. बराच वेळ पाहिलं.
"हां. आ ज."

साहेब माझ्याकडे बघायला लागले,
जणू मला तिसरा आहे.

काय सांगणार?
आठवण कुठल्या डोळ्याने ठेवली होती
हे त्यालाही माहीत नसणार.
मी म्हटलं, पाटीखालचा खरा. तोच मारतो.
साहेबांनी मान हलवली,
मटाराचं पुन्हा काही बोलले नाहीत.

त्या रात्री शेड बंद करण्याआधी
सातवा पत्रा खिळ्याला अडकवला
आणि मी एक डोळा झाकला. मग दुसरा.
फरक होता.
जुळ्या भावांत आईला दिसतो, तेवढा.
पण होता.
पुन्हा पाहिलं. दिवा बदलून पाहिलं.
घरी जाताना पोळोग्राउंडपाशी
एकेक डोळा मिटत स्कूटर चालवली,
हे बायकोला सांगितलेलं नाही, इलियासलाही नाही.

तीन हात मारले, मध्ये बाराशे नंबरचा कागद.
मंगळवारी ट्रॅक्टर गेला.
रावजीभाई चढून बसला, गिअर न बघता पकडला,
रंगाबद्दल अवाक्षर नाही.
म्हणाला, सीट उंच झाली.

पाटीखालचा चौकोन मी रंगवला नाही.
त्यावर टेप लावून सभोवताली फवारलं,
टेप काढली, पाटी बसवली,
चार नवे स्क्रू, पितळेचे.
कड दिसत नाही, सगळे म्हणतात.
मी घट्ट आवळलेत ते.