गार व्हायला लागणारा वेळ

पहाटे सहाला पन्हाळ्याच्या नाक्यावर सातजण जमलो.
बिरदेव झोरेनं काठी फिरवत डोकी मोजली,
मेंढरं मोजावीत तशी,
आणि म्हणाला, "सात म्हंजे बरं.
आठवा आला की गप्पाच हुतात, चालणं ऱ्हातं."

पोरीनं माझं नाव परस्पर घातलेलं.
बत्तीस वर्षं शिरोलीच्या भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस
घरात नुसता बसला
की घरातल्यांनाच उकडायला लागतं म्हणे.
बाकी इचलकरंजीच्या दोघी शेरीकर बहिणी, एकसारख्या टोप्या;
इम्तियाज शिकलगार, कात्र्यांना धार लावतो;
बँकेतले चौगुले, बायको आणि खाकऱ्यांचा डबा;
आणि पुण्याचा एक पोरगा,
मनगटावरच्या घड्याळाला पावलांचा हिशोब देणारा.

मसाईच्या पठारावर आलो तेव्हा खाली काहीच नव्हतं.
वारणेचं खोरं धुक्यानं काठोकाठ,
कासारीचंही.
जोतिबाचा डोंगर तेवढा लांब, मान वर काढून.
थोरली शेरीकर म्हणाली, "अगंबाई, बेट!"
बिरदेव म्हणाला, "नवापतोर बेटच असतंय.
मग एकेक गाव वर येतंय."

पायाखाली सीतेची आसवं, निळी, इवली.
सगळे जपून चालत होते,
आणि मला माझ्या पायांची लाज वाटत होती.

पलीकडच्या उताराला, करवंदीच्या जाळीमागं, ते खांब.
दगडाचेच, पण पैलू पाडल्यासारखे,
कुणी सहा कडांचा, कुणी पाच,
कारखान्याच्या गेटवर
ट्रॅक्टरात उभा रचलेला ऊस असतो तसे, अंगाला अंग लावून.
"आमच्यात म्हंत्यात," बिरदेव म्हणाला,
"मसाईनं सरपण रचलं आन् पेटवायचं इसरली.
पर उलटं हाय. पेटून झाल्यावरचं हाय ह्ये.
साडेसहा कोटी वर्षांमागं जमीन फाटली,
आतनं रस आला,
आन् गार हुताना तडकला."

रस.
भट्टीवर आम्हीही रसच म्हणायचो.
लॅडल धरलेल्या हातांना दुसरा शब्द सुचत नाही.
गार होणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगू नये:
बाहेरचं आधी आखडतं,
आतलं अजून वाहतंच असतं,
त्या भांडणात चीर पडते.
एका शनिवारी, पगाराच्या घाईत,
पंपाची बॉडी मी साच्यातून लवकर फोडली.
चीर केसाएवढी, डोळ्याला दिसेना.
पाटोळेसाहेबानं हातोडी मारली.
खण्ण वाजलं तर पास,
भद्द वाजलं तर लाल खडूची फुली.
भद्द वाजलं.
तीन दिवसांचा रोज गेला, आणि त्या महिन्यात
पोरीला नवं दप्तर घ्यायचं राहिलं.

आणि इथं
अख्खी डोंगराची कड तडकलेली, वरपासून खालपर्यंत,
एकही खांब शाबूत म्हणावा असा नाही,
आणि माणसं आठशे रुपये भरून
तोंडं उघडी टाकून बघतायत!
मला हसू फुटलं. ते थांबेना.
चौगुलेवहिनींनी घाबरून पाणी पुढं केलं.
"दम लागला का, काका?"

सांगणार काय? खाली वाकून मूठभर गोटा उचलला
आणि मधल्या खांबावर मारला, बेतानं, साहेब मारायचा तसा.
सगळे गप्प झाले.
पुण्याच्या पोरानं घड्याळ झाकलं.
आवाज आला, आणि आत कुठंतरी
बराच वेळ जात राहिला.

इम्तियाजला नाद ऐकायची सवय, धारवाल्याचा कान.
त्यानं विचारलं, "काय म्हणतोय?"
मी तळवा टेकवला.
कोवळ्या उन्हानं असेल, किंवा माझाच हात असेल,
भाजल्याच्या वणांखाली काही नीट कळत नाही आता.
"अजून गार व्हायचाय," म्हटलं.
बिरदेव हसला नाही. त्यानंही हात लावून बघितला.

मग खाकरे निघाले, ठेच्याची पुडी निघाली.
खाली धुकं विरत होतं
आणि एका गावातून
दुधाच्या गाडीचा हॉर्न, एकसारखा,
आधी आवाज वर आला, मग छपरं.