मिठागरातली मोरी

रात्री पाच वेळा.
पहिली अकराला, मग दीड, मग मोजणं सोडून दिलं.
देओलिंदा पाठ करून झोपेचं सोंग घेते
आणि मी गार फरशीवर अनवाणी
एका थेंबाची वाट बघत उभा.
आवेइरोच्या खाजणात बेचाळीस वर्षं
भरतीला दार उघडलं, ओहोटीला लावलं.
पाणी माझ्या शब्दाबाहेर गेलं नाही कधी.

मोठ्या ऑपरेशनला मी नाही म्हणालो.
झेफेरिनो त्यातून आला तेव्हा
कितीतरी दिवस पायाला पिशवी बांधून फिरत होता,
आणि सगळ्यांना दाखवायचा.

डॉक्टरबाई तरुण. बोलणं कमी.
कागदावर एक गोळा काढला:
ही ग्रंथी. अक्रोडाएवढी हवी, तुमची संत्र्याएवढी झालीय.
आणि हे तिला पोसणारे ओहोळ, दोन्हीकडून.
ते बुजवायचे. बास.
"मोरी," मी म्हणालो.
"काय?"
"काही नाही. पुढं सांगा."

मनगटाला टोचलं. जागाच होतो.
पडद्यावर करडं आभाळ;
औषध सोडलं की त्यात काळं झाड उगवायचं,
फांद्या फुटायच्या, विझायचं.
खाली कुठंतरी ऊब पसरली.
वाटलं, झालं, गेली अब्रू!
"औषधाची आहे ती," नर्स म्हणाली, "सगळ्यांनाच वाटतं."

गाळातून वाम जाते तशी
बारीक नळी वळत वळत गेली.
मग मणी सोडले.
"केवढे असतात?"
"मिठाच्या खड्याहून बारीक."
मला हसू आलं. जन्मभर मीठ ओढलं, आता हे.
"हलू नका, सेन्योर एव्हारिश्तो."

डावी बाजू अवघड निघाली, ओहोळ नागमोडी.
तास गेला. तिचा चेहरा मास्कमागं,
पण आवाज बदललेला कळला.
ओळखतो मी तो आवाज:
हातात चिखलाची ढेप
आणि पाणी अजून धावतंय.

मग औषध सोडलं
आणि झाड आलं नाही.

संध्याकाळी घरी. मनगटावर पट्टी, एवढंच.
आठवडाभर जळजळ, आणि माझ्या शिव्या.
बाकी काहीच नाही. देओलिंदा म्हणाली, फसवलं तुला.
पण खाजण एका दिवसात सुकत नाही,
हे मला कुणी सांगायला नको.

सहाव्या आठवड्यात जाग आली
ती खिडकीत ऊन आल्यावर.
घाबरून तिला हलवलं:
"मी रात्री उठलो होतो का?"
"एकदा. तीनला," ती डोळे न उघडता म्हणाली,
"अर्धवट झोपेत गेलास, तसाच आलास.
आणि दार उघडंच टाकलंस."