सहायक

आर्वीच्या कॉलेजात माझं पद
हजेरीपटावर नाही, व्हाउचरवर आहे.
साडेपाचला कोर्टावर वाळत घातलेली
कुणाची तरी तूर गोळा करायची,
फक्कीनं रेषा मारायच्या,
पंपाची सुई जिभेवर ओली करून
सहा बॉल फुगवायचे.
सातव्याला भोक आहे, तो मोजणीपुरता.

नेवारे सर खुर्चीतून म्हणायचे,
"पोरी डाव्या हातानं कच्च्या आहेत."
विद्यापीठात तिसरे आलो तेव्हा
पेपरात सरांचा फोटो,
माझा अर्धा खांदा.

सर निवृत्त झाले.
मी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेलो.
सचिवांचे जावई आधीच बसले होते.
व्हॉलीबॉलचे. माणूस चांगला.
चहा सांगितला, मग हळूच विचारलं,
"पिव्हट म्हंजे काय हो भाऊ?"

मी तिथंच, टेबल सरकवून, दाखवलं.
एक पाय रोवायचा.
दुसरा फिरवायचा, पाह्यजे तिकडं.
रोवलेला उचलला की शिट्टी.

काल धानोऱ्याहून प्राची कोडापेचा फोन.
"सर, लागली मी. आश्रमशाळेत. सहायक."
मग जरा थांबून,
"पंपाची सुई कोनती घ्याची?"

म्हटलं, दोन घे.
एक हारपते.